हवालदाराने जनरलचे पुस्तक लिहू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी सैनिकांनी आपले अनुभव लिहून काढावेत, असे आवाहन आपल्या अंकात वाचले. आवाहन चांगले आहे, पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही. सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत कुठेही विचारा, एखाद्या सुभेदारसाहेबांच्या ट्रंकेतून भरलेल्या दोन-तीन वह्या निघतील. २०२२ च्या अग्निपथ योजनेआधी भरती झालेल्याला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते. त्यामुळे जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो आणि पुढे बँकेच्या दारात किंवा साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी करताना त्याला लिहायला वेळही मिळतो. गाडी अडते ती वहीचे पुस्तक करताना. मुद्रितशोधक म्हणून अशी हस्तलिखिते तपासताना मला जे पुन्हा पुन्हा दिसते, ते सांगण्यासाठी हे पत्र.

सर्वांत मोठा दोष हा की हवालदार जनरलचे पुस्तक लिहायला बसतो. आपल्या कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९६१ मध्ये लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि नंतर त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या खुर्चीवरून सगळी सरहद्द दिसत होती, म्हणून ती पुस्तकात आली. हवालदार सेक्शन कमांडर असतो, त्याला दहा माणसे दिसतात. पण तो पहिली चाळीस पाने युद्धाची कारणे, करार आणि पुढाऱ्यांची भाषणे यांवर घालवतो, तीही कुठून तरी उतरवलेली. स्वतःच्या पोस्टवरचा हिवाळा मात्र दीड पानात उरकतो. ‘हवामान अत्यंत प्रतिकूल होते.’ झाले! सियाचीनवर आपली फौज १९८४ पासून आहे. तिथे थंडी असते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वाचकाला हवे असते ते वेगळेच. प्यायच्या पाण्यासाठी बर्फ वितळवायला स्टोव्ह किती वेळ पेटता ठेवावा लागायचा? रॉकेलचा जरीकॅन वर कोण आणायचे? बुखारीच्या, म्हणजे बंकर तापवणाऱ्या शेगडीच्या, काजळीने सकाळी थुंकी काळी यायची, ती सुट्टीवर आल्यावर किती दिवसांनी साफ झाली? संत्रीची, म्हणजे पहारेकऱ्याची, पाळी केवढी, आणि बदली माणूस उशिरा आला तर काय व्हायचे? हे जनरलला सांगता येणार नाही. ज्याने पाळी केली, त्यालाच येईल.

यावर एक उपाय हमखास लागू पडतो. एकच दिवस निवडायचा आणि पहाटेच्या स्टँड-टूपासून (सगळ्यांनी हत्यारासह सज्ज उभे राहण्याच्या वेळेपासून) रात्रीच्या पहिल्या पाळीपर्यंत तो तासातासाने लिहायचा. लढाईचा दिवस नको, साधा दिवस. दहा-बारा पाने सहज होतात आणि पुढचे पुस्तक कुठल्या आवाजात लिहायचे ते त्यातच सापडते. ती पाने गावातल्या मास्तरांकडे ‘शुद्ध करायला’ देऊ नयेत. मास्तर मनापासून काम करतात, पण लंगरचे भोजनगृह होते, पिट्टूची पाठपिशवी होते आणि बडाखान्याचे स्नेहभोजन. पलटणीची हिंदी संवादात तशीच ठेवावी. शब्द पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात अर्थ सांगितला की पुरे.

दुसरी अडचण तारखांची. १९७१ च्या युद्धात १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली ‘जंगी पलटण’, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढली. जमालपूर ११ डिसेंबरला पडले; टांगाईलजवळची आपल्या छत्रीधारी सैनिकांची पॅराशूट उडीही त्याच दिवसाची. ढाक्यातली शरणागती १६ तारखेची. पण आठवणीत सगळेच १६ डिसेंबरला जाऊन चिकटते आणि वाचणाऱ्या जुन्या फौजीचा पुढच्या सगळ्या पानांवरचा विश्वास उडतो. डिस्चार्ज बुकात भरती, बढती, पदके यांच्या नोंदी मिळतात. रोजच्या हालचाली मिळत नाहीत. फील्डमध्ये डायरी ठेवायला सहसा मनाई, म्हणून तीही नसते. मग उरतात घरी पाठवलेली पत्रे. ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ या लष्करी टपालाच्या पत्त्याची निळी आंतरदेशीय पत्रे अनेक घरांत आजही पत्र्याच्या डब्यात आहेत. फील्ड पोस्टाच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसते, फक्त नंबर आणि तारीख. ठिकाण आपल्याला आठवतेच, अडलेले असते तारखेपाशी, आणि ती शिक्क्यावर आहे. पत्रे तारखेप्रमाणे लावावीत, प्रत्येकाची एक ओळ वहीत उतरवावी आणि मग लिहायला बसावे. ही पत्रे बहुधा घरच्या बाईंनी जपलेली असतात. पुस्तकात आभार मात्र आमदारांचे! पलटणीच्या वॉर डायऱ्यांची, म्हणजे युद्धकाळातल्या रोजच्या अधिकृत नोंदींची, आशा लगेच धरू नये. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार असे कागद साधारणपणे २५ वर्षांत खुले व्हायचे आहेत आणि छाननी होऊन राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायचे आहेत.

कायद्याबद्दल दोन टोकांचे गैरसमज दिसतात. काही जण ‘आता आपण सुटलो’ म्हणून सगळेच लिहितात, तर काही जण भीतीने पलटणीचे नावही गाळतात. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. चालू पोस्टची नेमकी जागा, गस्तीच्या वेळा, मनुष्यबळ, वायरलेसची पद्धत हे लिहू नये. काश्मीरमधल्या खबऱ्याचे नाव तर नकोच. त्याचे गाव, धंदा, घराची खूणही बदलावी, कारण ते कुटुंब आजही तिथेच राहत असेल. लंगर, थंडी, माणसे, चुका, विनोद यांना कुणाची हरकत नसते. नोकरीत असलेल्याला छापण्यापूर्वी परवानगी लागते. इथे एक मेख आहे: पेन्शनवर आल्यानंतर डीएससीत (लष्करी ठाण्यांवर पहारा देणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) पुन्हा भरती झालेला जवान परत नोकरीतलाच धरला जातो. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफमधून केंद्राच्या नागरी पेन्शन नियमांखाली निवृत्त झालेल्यांना २०२१ पासून आपल्या दलाच्या कामाविषयी छापण्यापूर्वी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. न घेतल्यास पेन्शनवर येते. नकाशा छापायचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाचाच आधार घ्यावा. काश्मीरची सीमा चुकलेला नकाशा हा गुन्हा आहे आणि इंटरनेटवरून उचललेले बरेच नकाशे नेमके तिथेच चुकतात.

आता छपाई. शीर्षकाची पाने आणि एक प्रस्तावना धरून चाळीस हजार शब्दांचा मजकूर पुस्तकाच्या नेहमीच्या डेमी आकारात, पानाला अडीचशे शब्द धरून, १६० पानांचा होतो. छापखाना सोळा पानांचा फॉर्म मोजतो, म्हणजे नेमके दहा फॉर्म. त्यात चार प्रस्तावना आणि सहा शुभेच्छापत्रे घातली की अकरावा फॉर्म लागतो, आणि त्याचे पैसे पेन्शनीतून जातात. एका प्रस्तावनेवर भागवावे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा. जुन्या फॉन्टमधून बदलताना ‘बऱ्याच’चे ‘बर्याच’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, म्हणून रूपांतरानंतर पूर्ण प्रूफ कागदावर वाचणे टळत नाही. पहिल्या खेपेला शंभर प्रती पुरतात. ‘हजार काढा, स्वस्त पडेल’ हा हिशेब प्रतीमागे खरा असतो, पण आठशे प्रती माळ्यावर वाळवीला मिळतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन राय एजन्सीकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो, लेखकाला स्वतःलाही. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते. स्वतः छापणारे हे हटकून विसरतात. पहिले पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. छापायला टाकण्याआधीच तिची चौकशी करावी. मुखपृष्ठावर ‘निवृत्त सुभेदार अमुक’ नको, ‘सुभेदार अमुक (निवृत्त)’ हवे. हुद्दा निवृत्त होत नसतो.

शाहू स्मारकात प्रकाशन समारंभ जरूर करावा, पण करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत पोचवल्याशिवाय हारतुऱ्यांवर खर्च करू नये.

आपल्याला एक विनंती. नुसत्या आवाहनाऐवजी रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा आठशे शब्दांची जागा द्या: एका फौजीचा एक साधा दिवस. युद्धाच्या कारणांपासून सुरू होणारा मजकूर न छापता परत पाठवा. हाताने लिहिलेला चालेल असे चौकटीत ठळक छापा, फक्त पानाच्या एकाच बाजूला लिहिलेला असावा.

आपला,
एक मुद्रितशोधक
राजारामपुरी, कोल्हापूर