विषय: वॉटर कंडिशनरची खराब बाटली, मेलेले 2 मासे आणि 'रिव्हर वॉटर' म्हणून बंद केलेलं माझं तिकीट

कस्टमर केअरला लिहीत नाहीये, त्यांच्याशी आत्ताच चौथ्यांदा बोलून झालंय. हे मॅनेजमेंटमधल्या कोणीतरी वाचावं.

माश्यांच्या टाकीसाठी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं तुमचं कंडिशनर मी तीन वर्षं वापरतोय, कधी तक्रार नाही. गेल्या महिन्यात नवीन बाटली आणली. मंगळवारी आमच्याकडे नर्मदा आली (इंदूरला नळ एक दिवसाआड येतो), टाकीतलं 20 लिटर पाणी काढलं, नळाचं ताजं 20 लिटर भरलं, तुमच्या लेबलाप्रमाणे मोजून औषध घातलं. अर्ध्या तासात पाचही गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. रात्री जिलेबी गेली. चार वर्षांची होती, नाव मुलीने ठेवलेलं. शुक्रवारी बुंदी गेली, कारण क्लोरीनने फिल्टरमधले अमोनिया संपवणारे बॅक्टेरियाही मारले आणि मग अमोनिया वाढला, हे तुम्हाला मी समजवायची गरज नसावी.

पुढच्या वेळी नर्मदा आली तेव्हा मी ओटी टेस्ट केली (ओटीचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं). दोन ग्लास नळाचं पाणी, एकात तुमचं कंडिशनर दुप्पट, दुसऱ्यात नुसता हायपोचा खडा, तोच जो फोटो स्टुडिओवाले फिल्म फिक्स करायला वापरायचे, माश्यांच्या दुकानात पुडीत मिळतो. पाच मिनिटं थांबून दोन्हीत थेंब टाकले. हायपोवालं पाणी स्वच्छ. तुमच्यावालं लिंबाच्या सालीसारखं पिवळं. मग बाटली उजेडात धरून बघितली तर तळाशी पांढरट-पिवळा साका बसलेला. थायोसल्फेटचं, म्हणजे हायपोचंच, द्रावण खराब झालं की त्यातून गंधक असंच खाली बसतं, हेही तुम्हाला माहीत असणारच, आणि बाटलीवरची तारीख तर अजून सव्वा वर्ष पुढची आहे!

आता तो फोन. तुमच्या माणसाने विचारलं, "सर, पाण्याचा सोर्स काय?" मी म्हटलं नर्मदा. इथे सगळे हेच म्हणतात, 'नळ आला' कोणी म्हणत नाही, 'नर्मदा आली' म्हणतात. तिकडे पाच सेकंद टाईप करायचा आवाज, मग, "सर, आमचं प्रॉडक्ट फक्त टॅप वॉटरसाठी आहे, रिव्हर वॉटर कव्हर होत नाही." मला वाटलं गंमत करतोय. मी म्हटलं अहो, मी बादली घेऊन घाटावर नाही गेलो, ते पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून जवळपास 70 किलोमीटर पाईपाने येतं, क्लोरीन घालून येतं, आमच्या स्वयंपाकघरातल्या नळातून येतं, नळातून! तर म्हणे, "पण ओरिजिन नदीच आहे ना सर?" मी म्हटलं तुमच्याकडे पुण्यात पाणी कुठून येतं? म्हणे, "कॉर्पोरेशनमधून." मी हसलो, खोटं नाही सांगत. मग म्हणे, "सर, तुम्ही पाणी 24 तास उघडं ठेवून मग वापरायला हवं होतं." अहो मग तुमची बाटली कशाला घेऊ मी? 24 तास ड्रम भरून एअर पंप लावून ठेवायचा तर त्यात क्लोरीन आपोआपच उडून जातं, त्याचे पैसे तुम्हाला का देऊ? आणि शेवटी, अगदी मायेने, "सर, गोल्डफिश तर स्वस्तातच मिळतात." फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मेसेज: 'ग्राहकाने रिव्हर वॉटर असल्याची पुष्टी केली. तक्रार निराकरण झाले.' निराकरण! माझ्या नळाला नदी म्हणून लिहिलं तर निराकरण?

चिडून लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. जाऊ दे.

मागणी तीनच. ह्या बॅचचा नंबर फोटोत दिलाय, गोडाऊनमधून तीच बॅच काढून तपासा, आणि दुकानांत असेल तर परत मागवा, कारण इंदूरला माझ्यासारखे अजून बरेचजण नर्मदा आली की टाकी भरतात आणि त्यांच्याकडे ओटीच्या बाटल्या नसतात. बाटलीचे पैसे परत करा, माश्यांचे मागत नाहीये, ते 'स्वस्तातच मिळतात'. आणि तिकीट परत उघडा.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर, मग ग्राहक आयोगात जाणार. साक्याची बाटली पुरावा म्हणून जपून ठेवलीये. खरं सांगू का, मीच चारजणांना तुमचं कंडिशनर घ्यायला लावलं होतं, काल त्या चौघांना फोन करून सांगितलं की बाटली उजेडात धरून बघा. एकाच्या बाटलीत साका निघाला.

माझे उरलेले तिन्ही मासे सध्या हायपोच्या खड्यावर ठीक आहेत. आणि ते 'रिव्हर वॉटर' आधी खोडा.