तुझं त्या वेळचं 'नको'

प्रिय मित्रा,

सात महिने झाले, पत्र नाही की फोन नाही. मी बरा आहे, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो कारण दादाचं जे झालंय ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बाकी कुणाला सांगायला जावं तर "धीर धर" म्हणतात आणि विषय संपतो.

त्याच्या फुप्फुसांचं तुला माहीत आहेच, तो फायब्रोसिस, आत व्रण पडून ती घट्ट होत जाणं. कोरडा खोकला, बोटांची फुगलेली टोकं, जिन्यात तीनदा थांबणं. पण गोळ्या चालू होत्या आणि गाडं चाललं होतं. उतरण आहे, पण हळूहळूची, असंच आम्ही धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात त्याला साधी सर्दी झाली. आठव्या दिवशी आंघोळ करून आला आणि पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून नुसता बसून राहिला. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ७४. वहिनीला वाटलं सेल उतरले असतील, म्हणून तिने तो स्वतःच्या बोटाला लावला. ९८. ती काही बोलली नाही, परत त्याच्या बोटाला लावला.

हॉस्पिटलात हृदयाची इको झाली, फुप्फुसात गुठळी आहे का ते पाहिलं, थुंकी तपासली. काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा सीटी शेजारी शेजारी लावून दाखवला. जुन्यात तळाशी व्रणांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, ती आपल्या ओळखीची. नव्यात दोन्ही बाजूंना वरपर्यंत धुरकट, काचेवर कुणी तोंडाची वाफ सोडावी तसं. म्हणजे जो भाग व्रणांतून वाचला होता, ज्याच्यावर तो श्वास घेत होता, तोच आता धरला गेला. याला ते अक्यूट एक्झॅसर्बेशन म्हणतात, म्हणजे जुना आजार अचानक उसळून आलेला झटका.

त्या आठवड्यात मी सर्दी घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. हे वहिनीला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी जंतुसंसर्ग सापडला की याला हे नावच देत नसत. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी व्याख्या बदलली, कारण निमित्त सापडो न सापडो, पुढची वाट बहुतेक सारखीच. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. वाटलं नाही.

मग मी "किती" ते विचारलं. दादाच्या प्रकारात अशा झटक्यानंतर साधारण तीन ते चार महिने, म्हणजे निम्मे त्याआधी जातात आणि निम्मे त्यापुढे राहतात. मी रोज रात्री दादाला त्या पुढच्या निम्म्यांत बसवतो. स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून दिले, पण त्यांनी फायदा होतोच याचाही पक्का पुरावा नाही. याहून जालीम काही द्या म्हणून मी हट्ट धरला. तर फ्रान्समध्ये स्टेरॉइडच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड, प्रतिकारशक्ती दाबणारं एक जालीम औषध, देऊन पाहिलं होतं. तीन महिन्यांत त्या गटातले ४५ टक्के गेले, नुसत्या स्टेरॉइडवरचे ३१ टक्के. मी गप्प बसलो.

आणि मग व्हेंटिलेटरचा कागद पुढे आला.

तुझ्या बाबांच्या वेळी तू "नको" म्हणालास तेव्हा मी तुला काय बोललो ते तुला आठवत असेल. "हात टेकलेस तू." भर कॉरिडॉरमध्ये, तुझ्या बहिणीसमोर. पुढची दोन वर्षं आपण बोललो नाही, आणि मी मनात स्वतःला बरोबर समजत राहिलो. या आजारात झटक्यानंतर नळी घातली की ती काढायची वेळ फार थोड्यांवर येते. नवं फुप्फुस मिळणार असेल तर तेवढ्यापुरता टेकू म्हणून ठीक; दादाला तो रस्ता नाही. हे सगळं कळूनही माझा हात सहीला जाईना. शेवटी दादानेच मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "नको. घरी ने." तेवढ्या तीन शब्दांनी त्याचा आकडा सहाने उतरला. तेव्हा मला तू दिसलास रे, त्या कॉरिडॉरमधला. माझं चुकलं होतं.

आता घरी आहे. ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरची घरघर रात्रंदिवस. दम फार लागला की मॉर्फिनचा अगदी लहान डोस देतात. त्याची मला भीती वाटायची, पण दिल्यावर कपाळावरच्या आठ्या उतरतात. ऑक्सिजनची नळी लांबच लांब आहे. काल म्हणाला, "दावं लांब सोडलंय, खिडकीपर्यंत चरून येतो." आणि स्वतःच हसला, मग खोकला आवरेना.

तुझ्या लेकीची परीक्षा झाली का? बदलीचं काय झालं? लिही.

तो तुझी आठवण काढतो. "तो अजून रागावलाय का," असं दोनदा विचारलं. ये. सर्दी-खोकला नसेल तेव्हाच ये, मास्क दाराशीच ठेवलेत. सकाळी दहाच्या सुमारास ये, तेव्हा त्याला बोलायला जरा दम असतो.

तुझाच