तो हमिंगबर्ड नव्हे, आपला शिंजीर

संपादक महोदय,

‘सोलापुरात हमिंगबर्ड आला!’ असा एक व्हिडिओ आठवडाभर आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. त्यातली जास्वंद माझ्या दारातली आहे, म्हणून हे पत्र.

तो पक्षी शिंजीर आहे, जांभळा शिंजीर. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत, तिकडच्या बेटांवर सापडतो. त्याच्या तीनशेहून जास्त जाती आहेत. सगळ्यांत लहान जात क्यूबातली, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. आपला शिंजीर दहा सेंटिमीटरचा. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो, उलटाही उडतो. शिंजीर क्षणभर फडफडतो, पण शेवटी फुलाच्या देठावर बसूनच चोच आत घालतो. विणीच्या दिवसांत नर लांबून काळा वाटतो, उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मातकट, पोटाला पिवळी. वीण संपली की नरही तिच्यासारखाच दिसू लागतो, फक्त गळ्यापासून खाली एक काळी रेघ राहते. आणि तिन्हीसांजेला फुलांपुढे तरंगणारा, डोक्यावर दोन मिशा असलेला जीव तर पक्षीच नव्हे, पतंग आहे.

मी तीस वर्षं चादरीच्या मागावर काढली. धाग्याची पारख आहे मला. मार्चअखेर मादीने जास्वंदीला घरटं टांगलं, एकटीने. नर वर तारेवर बसून गात होता. कोळ्याचं जाळं चोचीत आणून ती फांदीला गुंडाळायची, त्यात गवत, सालीचे तुकडे, वाळकी पानं अडकवायची. बाजूला दार, दारावर इवलंसं छप्पर. एका जागी आमच्या चादरीचा लाल धागाही होता. आत दोन अंडी.

व्हिडिओ नीट यावा म्हणून कोणीतरी समोरच्या दोन फांद्या मोडल्या. एप्रिलचं सोलापूरचं ऊन थेट घरट्यावर पडू लागलं. तिसऱ्या दिवसापासून मादी फिरकली नाही. अंडी अजून तशीच आहेत.

आपण शिंजिराचा फोटो त्याच्या मराठी नावानिशी छापावा, ही विनंती. परवापासून एक मादी शेजारच्या डाळिंबाकडे जाळं नेताना दिसतेय. तिथे कृपया कोणी मोबाइल घेऊन जाऊ नये.

– एक निवृत्त यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रस्ता, सोलापूर