मेडिकलवाल्या काकांस, गोळी न दिल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी हरतालिकेच्या दिवशी वेंगुर्ल्याच्या बाजारातून गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान घेऊन मी तुमच्या दुकानात आलो होतो. आईसाठी पित्ताच्या गोळ्यांचं एक पाकीट मागितलं. दुकानात गर्दी मावत नव्हती. तुम्ही गोळी द्यायच्या ऐवजी मला बाजूला घेऊन विचारलंत, "गुडघ्याच्या गोळ्या अजून घेते ती?"

मला माहीतच नव्हतं. मी मुंबईत राहणारा, वर्षातून दोनदा येणारा. गुडघ्यासाठी ती डायक्लोफिनॅक घेत होती, भातलावणीपासून जवळजवळ रोज, कधी उपाशीपोटीच. त्या गोळ्या शेजारचा मुलगा आणायचा, पित्ताच्या वहिनी आणायची. दोन माणसं दोन वेगळ्या दिवशी येत होती, तरी गोळ्या एकाच पोटात जातायत हे फक्त तुमच्या लक्षात आलं. दुखण्याची गोळी जठराचं आतलं अस्तर दुबळं करते, मग पोट जळतं, म्हणून पित्ताची गोळी. जळजळ दबते, त्यामुळे दुखण्याची चालूच राहते. हे चक्र घरातल्या आम्हा कुणालाच दिसलं नाही.

मग तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात, जो मुलगा आईला कधी विचारत नाही. "परसाकडला काळं होतं का? डांबरासारखं, चिकट? लोहाच्या गोळ्या चालू आहेत का?" लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण त्या चालू नव्हत्या. घरी फोन लावला. वहिनीने आईला विचारलं, तर महिनाभर असंच होतंय म्हणे. वर आई म्हणाली, "माका काय एक होवक नाय." जिना चढताना तिला धाप लागायची, पण ते आम्ही वयावर ढकललं होतं.

"जठरात रक्त वाहिलं तर खाली येईपर्यंत ते काळं पडतं. लाल दिसत नाही म्हणून माणसं गाफील राहतात," तुम्ही म्हणालात. "आजच ने. गणपती जाईपर्यंत थांबू नको."

आई काही ऐकायला तयार नव्हती. उद्या बाप्पा बसणार, मोदकांचं पीठ दळून आणलेलं. तुम्ही दुकान पोराच्या हवाली करून आमच्या घरी आलात, ओटीवर तिच्यासमोर बसलात आणि म्हणालात, "वहिनी, आरत्यांचं आम्ही बघतो. तुम्ही गाडीत बसा." आमचं कुणाचं तिने ऐकलं नसतं.

त्या रात्री आम्ही गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठलं. हिमोग्लोबिन ६.४ निघालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, मग दुर्बिणीने तपासलं तर जठरात अल्सर. तिथून काढलेल्या तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतूही सापडला. हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या एकत्र आल्या की अल्सरचा धोका फार वाढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मी मात्र वर्षानुवर्षं तिच्या तिखटाला आणि सुक्या बांगड्याला दोष देत होतो. पूर्वी डॉक्टरही अल्सरचं खापर तिखटावर नि काळजीवर फोडायचे. हा जंतू ओळखणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघा ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल मिळालं, हे मला तिथे वॉर्डात बसल्यावर कळलं.

चौदा दिवस प्रतिजैविकं घेतली, आम्ल कमी करणारी गोळी पुढेही चालू राहिली. जंतू खरंच गेला का, याची तपासणी औषधं संपल्यावर काही आठवड्यांनी केली. जठरातला अल्सर कधी कधी कर्करोगाचाही असू शकतो, म्हणून तो भरला का हे पाहायला पुन्हा एकदा दुर्बीण घातली. भरला होता. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

काका, हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आपल्याकडे पोटाच्या प्रत्येक दुखण्याला पित्त हे एकच नाव आहे. नंतर तुमच्याशी बोलताना कळलं की आमच्या वाडीतल्या एकाचे जुलाब मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने होते, दुसरीला दूध पचत नव्हतं. पोट वर्षानुवर्षं कुरकुरतं आणि तपासण्यांत काही निघत नाही, असंही पुष्कळांचं असतं. त्यांनाही नीट सल्ल्याने बरं वाटू शकतं. थायरॉइड, आतड्याचा क्षय, आतड्याला आलेली सूज, कारणं कितीतरी. बहुतेक वेळा भयंकर काही नसतं. पण तीनचार आठवडे झाले तरी थांबत नाही, वजन आपोआप उतरतंय, घास गिळताना अडकतोय, झोपेतून उठून संडासला पळावं लागतंय, ताप राहतोय, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, तर ओवा नि हिंग बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. आणि रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी शी, सोबत चक्कर, असं दिसलं तर सकाळ होण्याचीही वाट बघू नये.

तुम्हाला एक पाकीट विकून मोकळं होता आलं असतं. सणाची गर्दी होती, कुणी दोष दिला नसता.

आईचं हिमोग्लोबिन आता बारा आहे. गुडघ्याला डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करते, फार दुखलं तर पॅरासिटामोल घेते. वाडीत कुणी पोट धरून बसलं की तुमचेच दोन प्रश्न विचारते, आणि दुसरा विचारताना अजिबात लाजत नाही. यंदाच्या रातांब्यांची आमसुलं तिने तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलीत. वहिनी आणून देईल. पैसे देऊ नका, तिला राग येईल.

तुमचा,
त्या दिवशी रिकाम्या हाताने परतलेला मुलगा