रद्द झालेले कलम अजून पाठ्यपुस्तकात

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या कॉलेजात पत्रकारिता शिकवतो. यंदाच्या उत्तरपत्रिकांत एका मुलीने लिहिले होते : ‘सोशल मीडियावरील आक्षेपार्ह मजकुरास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ लागू होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.’ अक्षर सुरेख, उत्तर पुस्तकाबरहुकूम. पण हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच घटनाबाह्य ठरवून रद्द केले आहे.

ज्या याचिकेवर हा निकाल लागला, तिला निमित्त झाले आपले पालघर. नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबई बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते लाइक केले आणि दोघींना अटक झाली. त्याच राज्यातली मुले आज ते कलम पाठ करतात, याचे फार वाईट वाटते. उद्या ही मुलगी बातमीदार झाली आणि कुणी तिला ६६अचा धाक घातला, तर ती मुकाट्याने बातमी काढून टाकेल.

पुस्तकात २०१४मध्ये बंद झालेली ऑर्कुट ही सोशल मीडिया साइट अजून चालू आहे, त्याचे एवढे नाही. ते मुले स्वतःच सुधारून घेतात. कायद्याचे तसे होत नाही. १ जुलै २०२४पासून बदनामीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागते, त्याआधीच्या मजकुराला जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ४९९-५००. म्हणजे दोन्ही शिकवायला हवीत. डिजिटल माध्यमांसाठीचे २०२१चे नियम, त्यातल्या आचारसंहितेच्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती, सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का हे ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम त्याच न्यायालयाने २०२४मध्ये रद्द केला तो निकाल, यातले काहीच पुस्तकात नाही. मी झेरॉक्स वाटतो. पण पेपर पुस्तकावरून निघतो आणि गुणही पुस्तकातल्या उत्तरालाच मिळतात.

बातमीची पडताळणी, स्रोत, भाषा हे मूळ पुस्तकात राहू द्या. ते लवकर शिळे होत नाही. कायदा आणि तंत्राची प्रकरणे मात्र दरवर्षी जूनमध्ये वेगळ्या पुरवणीत काढायला विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना सांगा. पीडीएफ मोफत असावी, पहिल्याच पानावर ‘अमुक तारखेपर्यंतचा कायदा’ असे छापावे आणि प्रश्न त्या पुरवणीवरूनच काढावेत. मराठी विश्वकोशाच्या नोंदी विषयवार तज्ज्ञांच्या ज्ञानमंडळांमार्फत ऑनलाइन अद्ययावत होतात, मग पाठ्यपुस्तकाचेच का अडावे? लिहिणाऱ्या शिक्षकांना मानधन द्या, हे काम त्यांच्या पदोन्नतीत धरा. नाहीतर दुसऱ्याच वर्षी ते बंद पडेल.

पहिली पुरवणी येत्या जूनआधी निघावी, ही विनंती. कायद्याच्या प्रकरणाचा मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
पत्रकारितेचा एक शिक्षक