मी इथेच थांबतेय

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई, तू लगेच "तुला योग्य वाटेल ते कर गं" म्हणतेस आणि माझं पुढचं बोलणंच राहून जातं. म्हणून लिहितेय. कंपनीतल्या त्या नोकरीला मी नकार कळवला आहे. आणखी काही वर्षं प्रयोगशाळेतच राहणार. ती नोकरी घेतली असती तर दर आठवड्याला घरी येता आलं असतं, हे माझ्या मनातून क्षणभरही गेलेलं नाही. तुम्हाला सोडून यीस्ट निवडलं असं मात्र कृपा करून समजू नका.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये एवढं काय शोधायचं उरलंय? त्याची सुमारे ६,००० जनुकं १९९६ सालीच वाचून झाली, हे खरं. पण त्यातलं कोणतं जनुक कधी चालू होतं, कधी बंद आणि कशामुळे, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. ग्लुकोज मिळत असेल तोवर यीस्टची पेशी गॅलॅक्टोज ही दुसरी साखर वापरणारी जनुकं बंद ठेवते. ग्लुकोज संपून गॅलॅक्टोज आलं की गॅल३ नावाचं प्रथिन गॅल८० या दुसऱ्या प्रथिनाला धरतं, त्याने दाबून ठेवलेलं, जनुकं चालू करणारं गॅल४ मोकळं होतं आणि तीच जनुकं जवळजवळ हजार पटींनी जोरात चालू होतात. एवढं पाठ्यपुस्तकात आहे. माझा जीव अडकलाय तो याच्या पुढच्या गोष्टीत. पूर्वी गॅलॅक्टोजवर वाढलेल्या पेशी मध्ये काही काळ ग्लुकोजवर ठेवल्या आणि मग पुन्हा गॅलॅक्टोज दिलं, तर त्या नवख्या पेशींपेक्षा खूप लवकर ते वापरायला सज्ज होतात. त्यातल्या कितीतरी पेशी मधल्या काळात जन्मलेल्या असतात, त्यांनी स्वतः गॅलॅक्टोज पाहिलेलंही नसतं! आधी गॅलॅक्टोजवर असताना बनलेलं गॅल१ नावाचं प्रथिन थोडं थोडं वाटलं जाऊन पुढच्या पेशींत पोचतं, हे एक कारण कळलेलं आहे. तेवढ्याने सगळं उलगडतं का, ते मला बघायचंय. हे अर्ध्यावर सोडून मी कुठेही गेले असते तरी मन इथेच राहिलं असतं.

आणि हे फक्त यीस्टपुरतं नाही. ग्लुकोज कमी झाल्यावर यीस्टमध्ये जे स्नफ१ एन्झाइम कामाला लागतं, त्याचंच भावंड आपल्या पेशींत आहे, एएमपीके. बाबा, तुमच्या मधुमेहाच्या गोळीने, मेटफॉर्मिनने, यकृतात तेच जागं होतं. माझ्या कामातून उद्या औषध निघेल असं मी म्हणत नाही. पण लेलँड हार्टवेल यांनीही यीस्टच्या पेशी विभागताना कुठे अडतात एवढंच शोधायला घेतलं होतं. कॅन्सर समजून घ्यायला ते उपयोगी पडलं आणि २००१ सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

माझी काळजी करू नका. खोलीत सकाळी भरपूर ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. तीस अंशांवर यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं, म्हणून पूर्वी रात्री जागावं लागायचं. आता संध्याकाळी वाढीच्या द्रावणात अगदी थोडं यीस्ट घालून ठेवते, ते सकाळी मी पोचेपर्यंत बरोबर तयार असतं. रात्री कधी थांबावं लागलंच तर सोबत कुणीतरी असतं. आई, ताप आला की अजून मला कपाळावर तुझाच हात हवा असतो, तेवढं सोडलं तर इथे काही कमी नाही.

आता माझं ऐका. बाबा, साखर दोनदा चांगली आली म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ती जेवणाबरोबरच घ्यायची. रोज रात्री तळपाय नीट बघायचे, बारीकशी जखम दिसली तरी दाखवून यायचं. आई, गुडघ्याचे व्यायाम "आज राहू दे" म्हणून टाळू नकोस, आणि बाबांच्या तपासण्यांच्या नादात तुझं बीपी मोजायचं राहतं, ते चालणार नाही. माईच्या वेळेसारखं मला सगळं झाल्यावर कळवू नका. रागावत नाहीये, पण तेव्हा फार लागलं होतं. प्रयोग पुढे ढकलता येतात, पेशी उणे ऐंशी अंशांवर वर्षानुवर्षं टिकतात. तुम्ही हाक मारली तर मी निघेन.

सुट्टी मंजूर झाली की तारखा कळवते. तोवर बाबांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट फोटो काढून पाठवा. सगळी पानं, फक्त पहिलं नाही.

तुमचीच,
छोटी