शाळेतले लॅपटॉप टिकवायचे तर

महोदय,

शाळांना लॅपटॉप मिळतात, पण ते सांभाळायचे कसे हे कुणी सांगत नाही. ६५ वॅटचे २० चार्जर म्हणजे १३०० वॅट. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादाच जेमतेम १३८०. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सगळे लावले की प्लग तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं. दहा-दहाच्या दोन पाळ्या कराव्यात. मे महिन्याच्या सुट्टीत रिकामी पडलेली बॅटरी जूनमध्ये बऱ्याचदा चार्जच घेत नाही. निम्मी भरून, लॅपटॉप पूर्ण बंद करून ठेवावा. लॅपटॉप आणि त्याच्या चार्जरवर एकच क्रमांक हवा, आणि सहावी ते आठवीच्या मुलांना हजेरी क्रमांकाप्रमाणे रोज तोच द्यावा. म्हणजे कीबोर्डची उचकटलेली कळ त्याच तासाला लक्षात येते. अपडेट मात्र शाळा सुटल्यावरच! एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वीस लॅपटॉप अपडेट घेऊ लागले, की गणिताचा तास वाया गेलाच.

— एक शिक्षिका, सातारा